ओळखणारी दोन माणसे

अर्जदार : दिगंबर वल्द फकिरा तायडे. वय : पन्नाशी उलटलेली. धंदा : अर्जनवीस, कचेरीच्या फाटकाबाहेरील कडुलिंबाखाली. राहणार : चौक, लखनौ, चिकन-भरतकामाच्या कारखान्यावरील खोली. मूळ जिल्हा : बुलढाणा, जेथे आता ओळख सांगावी असे कोणी उरलेले नाही.

विरुद्ध : कोणीही नाही. हा रकाना रिकामा सोडण्याची माझ्यावर आलेली ही पहिलीच वेळ.

बाब : रविवारच्या वर्गात मुलांसोबत बसण्याची परवानगी, जी गेल्या हिवाळ्यापासून प्रलंबित आहे.

तारीख : ज्या सकाळी चौकातल्या गल्लीत यंदाचे पहिले धुके उतरले, ती सकाळ.

साक्षीदार : एक, कचेरीचा चहावाला रामसुमेर. दोन, घरमालक रिझवी साहेब. दोघेही सज्जन, दोघेही खरे बोलणारे. आणि सगळी अडचण तेथेच आहे.

लखनौचे धुके आकाशातून पडत नाही. ते गोमतीवरून उठते, जुन्या पुलाखालून सरकते आणि चौकातल्या गल्ल्यांत ओळखीच्या माणसासारखे न विचारता शिरते. खिडकी उघडली तर समोरचे छत नव्हते. फक्त आवाज होते. खालच्या कारखान्यात कारागीर लाकडी ठसे निळीत बुडवून कापडावर मारत होते. एक ठोका, मग थोडे थांबणे, मग दुसरा ठोका. ती निळी वेलबुट्टी मला नेहमी माझ्या धंद्याची आठवण करून देते. तिच्यावरून सुई चालते, टाका पडतो, आणि कापड तयार झाले की नीळ धुऊन टाकतात. गिऱ्हाइकाला टाका दिसतो, खालची रेघ कोणी पाहत नाही. गल्लीच्या तोंडाशी मक्खन मलाईवाल्याने आपले मोठे भगुणे मांडले होते. दुधाचा तो केशरी फेस, जो जिभेवर ठेवताच नाहीसा होतो आणि ज्याला म्हणे रात्रीच्या दवाशिवाय चव येत नाही, तो केवळ याच दिवसांत मिळतो. मी तो दरवर्षी पहिल्या धुक्याच्या सकाळी एकदा खातो. उभ्याने, एकट्याने.

त्याच सकाळी सुनंदाताईंचा फोन आला. सुनंदाताई गजभिये या आमच्या रविवार-वर्गाच्या सचिव. औषध संशोधनाच्या सरकारी संस्थेतून निवृत्त झाल्या तरी प्रयोगशाळेची शिस्त त्यांच्या आवाजातून निवृत्त झालेली नाही. जयभीम झाला, प्रकृतीची चौकशी झाली, आणि मग त्या म्हणाल्या, "तायडेभाऊ, यंदाचे कागद घेणं सुरू केलंय. तुम्ही दोन नावं देणार होतात."

मी म्हणालो, लेखी कळवतो. मी सर्वांनाच, सर्व बाबतींत, लेखी कळवतो असे म्हणतो. हे लिखाण म्हणजे ते कळवणे आहे. ते लांबले याबद्दल वाचणाऱ्याने राग मानू नये. ज्याने जन्मभर इतरांची प्रकरणे थोडक्यात बसवली, त्याला स्वतःचे प्रकरण थोडक्यात मांडता येत नाही असे दिसते.

वर्गाविषयी सांगणे भाग आहे. शहराच्या उत्तर टोकाला, जानकीपुरममध्ये आपल्या मराठी घरांचा चांगला जमाव आहे. कोणी संशोधन संस्थेत, कोणी बँकेत, कोणी रेल्वेत. बदल्यांनी आलेली, पुढे येथेच घर बांधून राहिलेली माणसे. त्यांच्या मुलांना मराठी समजते, पण तोंडात येत नाही. आजी विचारते, "जेवलीस का गं?" आणि नात दप्तरातून डोके न काढता म्हणते, "हाँ, खा लिया." म्हणून विहाराच्या सभागृहात दर हिवाळ्यात रविवारी वर्ग भरतो. विहार आमचा असला तरी वर्ग सर्वांचा. त्यात वऱ्हाडची मुले असतात तशी पुण्याकडचीही. कोणी गाणी शिकवतात, कोणी चित्रे, आणि सारेच पदवीधर. मी नववी उत्तीर्ण आहे. दहावीच्या परीक्षेस बसलो होतो, हेही नमूद करतो. परंतु मजकूर बांधण्यात माझा हात धरणारा या शहरात नाही, ही गोष्ट मी गर्वाने नव्हे, तर माहिती म्हणून सांगतो.

माझी पद्धत माझीच होती. मूल धड्याने भाषा बोलत नाही. पण ज्याची तक्रार आहे, ते कोणत्याही भाषेत बोलते. म्हणून मी प्रत्येक मुलाचा अर्ज लिहीत असे. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर, जेथे दुपारच्या आधी तिरके ऊन येते, मी चटई टाकून बसे. एक मूल यायचे, तक्रार सांगायचे. ते हिंदीत सांगायचे, मी मराठीत लिहायचो, मग मोठ्याने वाचून दाखवायचो, आणि ते मराठीत सही करायचे. अट एकच : सांगितलेले या जिन्यावरच राहील. कचेरीत माझ्याकडे येणाऱ्याला मी हेच वचन देतो. माझ्या धंद्याची अब्रू त्या एका वचनावर उभी आहे.

काय एकेक अर्ज होते. एकाने कारल्याच्या भाजीविरुद्ध मनाई हुकूम मागितला होता. एकीची तक्रार धुक्याविरुद्ध होती, की सदर धुके शाळा बंद करते, परंतु शिकवणीचा वर्ग बंद करीत नाही, हा उघड पक्षपात आहे. ते "उघड पक्षपात" माझे. तिने "ये तो चीटिंग है" एवढेच म्हटले होते. हसायचे नाही असा माझा नियम असे. तक्रारदारासमोर अर्जनवीस हसला की अर्ज मेला.

आठवड्याचे बाकीचे दिवस मी त्या जिन्याच्या उन्हाकडे पाहत काढायचो, असे आता लिहायला हरकत नाही. शनिवारी संध्याकाळी पेनात शाई भरायची, स्वेटरची बाही तपासायची. रविवारी पहाटे चौकातून ई-रिक्षा, मग टेम्पो. धुक्यात चालक मान बाहेर काढून चालवी आणि आम्ही सारे प्रवासी श्वास धरून त्याला रस्ता शोधायला मदत करीत असू. जानकीपुरमला उतरल्यावर कोपऱ्यावर भाजलेल्या शेंगा मिळत. शेंगांसोबत मिरची-कोथिंबीर वाटलेल्या हिरव्या मिठाची पुडी. ती पुडी मी जपून नेई, कारण मुलांना शेंगांपेक्षा मीठच आवडे.

मैत्री वाघमारे ही गेल्या हिवाळ्यातली. दहा वर्षांची, दोन वेण्या, एक वेणी नेहमी दुसरीपेक्षा वर. तिचे वडील बँकेत, आई शिक्षिका. बदलीने नुकतेच कानपूरहून आलेले कुटुंब. ती चटईवर बसली आणि बराच वेळ मिठाची पुडी उलगडत राहिली. मग तिने विचारले, "काका, किसी को बताओगे तो नहीं?"

मी म्हणालो, "नाही. वचन."

तेव्हा ती म्हणाली की नव्या शाळेत डब्याच्या सुट्टीत तिच्याजवळ कोणी बसत नाही. कोणी मारत नाही, कोणी चिडवत नाही. फक्त बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोणी येत नाही. मी कायद्याप्रमाणे विचारले, मग तुझी मागणी काय? मागणीशिवाय अर्ज म्हणजे नुसते रडगाणे. तिने विचार केला. "कोई आके मेरे पास बैठे, बस. बात न करे तो भी चलेगा."

मी लिहिले : सबब विनंती की, अर्जदाराजवळ कोणीतरी येऊन बसावे, बोलले नाही तरी चालेल. वाचून दाखवले. तिने मान हलवली आणि मराठीत सही केली. वेलांटी दीर्घच होती. मी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला. त्या रविवारी परतताना टेम्पोत मला वाटले होते की मी आज उत्तम काम केले. मजकूर खरोखरच उत्तम होता.

त्यानंतर लगेचच नवा नियम आला. सुनंदाताईंनी सर्वांना बसवून सांगितले की यापुढे मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची आधी तपासणी होईल : पोलीस ठाण्याचा दाखला, समितीसमोर मुलाखत, आणि नातेवाईक नसलेली, वर्गाबाहेरची अशी दोन माणसे, जी त्याला नीट ओळखतात. शिवाय एक दिवसाचे प्रशिक्षण. काही विशेष घडले आहे का, असे कोणीतरी विचारले. त्या म्हणाल्या, काही घडलेले नाही, आणि घडल्यावर करायची ही गोष्टच नव्हे.

रेल्वेचे निवृत्त अभियंता कुलकर्णी साहेब नाराज झाले. प्रशिक्षणाच्या दिवशी ते मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत बसले आणि म्हणाले की आयुष्यभर मी पूल तपासले, आता या वयात मलाच तपासणार. प्रशिक्षण द्यायला नाझनीन मॅडम नावाची बाहेरची बाई आली होती, माझ्या निम्म्या वयाची, पश्मिन्याची साधी शाल, आवाज मऊ. तिने कुलकर्णी साहेबांचे सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, "सर, पुल तो मज़बूत ही था। फिर भी आप हर साल देखने जाते थे न?"

कुलकर्णी साहेबांनी मफलर सैल केला. त्यानंतर दिवसभर तेच सर्वांत लक्ष देणारे विद्यार्थी होते.

तिने सांगितलेल्या बहुतेक गोष्टी अशा होत्या की ऐकल्यावर वाटावे, हे तर आपल्याला ठाऊकच होते. मोठा माणूस आणि एकटे मूल बंद दाराआड नसावे. दुसरा मोठा माणूस नजरेच्या टप्प्यात असावा. एकाच मुलाला वेगळी भेट देऊ नये. येथे मी मिठाच्या पुडीचा विचार केला. पण ती सर्वांची होती, म्हणून सुटलो. मग ती स्वतः मूल झाली. खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि एकेकाला विचारू लागली, "आप किसी को बताएँगे तो नहीं?" कोणी गडबडले, कोणी उपदेश केला. माझी पाळी आली तेव्हा मी ताठ बसून, कचेरीत देतो तसे, स्पष्ट उत्तर दिले. नाही सांगणार.

"यही एक वादा है जो आप नहीं दे सकते," ती म्हणाली.

मी हरकत घेतली. गुप्तता हा माझ्या व्यवसायाचा पाया आहे, मी एवढी वर्षे लोकांची दुःखे लिहिली आणि एकही शब्द दुसऱ्या कानावर जाऊ दिला नाही, हे तिला सविस्तर सांगितले. मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. तिने मात्र मला पुरते बोलू दिले.

"मुंशीजी, कचहरी में जो आपके पास आता है, वह ख़ुद चलकर आता है। आप लिखते हैं, तो वह काग़ज़ लेकर साहब के पास भी ख़ुद जाता है। बच्चा आपसे कहकर कहाँ जाएगा?"

सभागृहाबाहेर ऊन वर आले होते आणि कोणाच्या तरी गच्चीवरून पापड वाळवणाऱ्या बायकांचे बोलणे येत होते. माझी पिशवी पायाशी होती. तिच्यात मैत्रीचा अर्ज होता, उत्तम मराठीत, सहीसह, कोणत्याही कचेरीत दाखल न झालेला. मी तो लिहिला होता आणि लिहिणे म्हणजेच पोहोचवणे असे मानून बसलो होतो. अर्जनवीसाकडून अशी गफलत व्हावी, याचे मला अद्याप आश्चर्य वाटते.

पुढच्या रविवारी जिन्याखाली खुर्ची टाकून कुलकर्णी साहेब वर्तमानपत्र वाचत बसले. दुसरा मोठा माणूस, नियमाप्रमाणे. मी मैत्रीला सांगितले की मी दिलेले वचन चुकीचे होते, ते मी परत घेतो, आणि तुझा अर्ज आता योग्य ठिकाणी द्यायचा आहे. तिने चटईचा एक धागा ओढला. मग म्हणाली, "मम्मी रोएगी." मी म्हणालो, रडू दे, अर्ज वाचून कोणी रडले तर तो निकाली निघण्याची शक्यता वाढते. आम्ही दोघे खाली गेलो. तिच्या आईने कागद दोनदा वाचला. रडल्या नाहीत. मुलीची वर गेलेली वेणी सोडून त्यांनी तेथेच, सभागृहाच्या पायरीवर, पुन्हा घातली. काही रविवारांनी मैत्रीने मला उभ्या-उभ्या सांगितले की आता बाकावर एक मुलगी बसते, पण ती फार बोलते. त्यावर वेगळा अर्ज करायचा का, असे मी विचारले. ती हसली. त्या वेळी मीही नियम मोडून हसलो असेन.

इतके सारे नीट चालले होते. ठाण्याचा दाखला मला सर्वांच्या आधी मिळाला, कारण तो मागण्याचा मजकूर कसा असावा हे ठाण्यातले लोकच मला विचारतात. मुलाखतीत मी समाधानकारक उत्तरे दिली. राहिली होती ती दोन माणसे.

आमच्या धंद्याची रीत वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. कचेरीच्या आवारात साक्षीदार बोलतो तसे कोणी लिहीत नाही. साक्षीदार तर भरकटतो. तो आपल्या म्हशीपासून सुरुवात करतो. त्याने काय म्हणायला हवे ते आम्ही लिहितो आणि तो सही करतो. यात लबाडी नाही, व्यवस्था आहे. त्याच रीतीने मी दोन पत्रे तयार केली. एक रामसुमेरकडे नेले. त्याने दुधाने माखलेले हात गमछ्याला पुसून सही केली, काय आहे ते विचारलेही नाही. दुसरे रिझवी साहेबांकडे. त्यांनी चष्मा न लावताच, माणसाचा कागद त्याच्यासमोर वाचणे हा अविश्वास होय अशा अदबीने, आपली सुंदर उर्दू सही केली. दोन्ही पत्रांत मी लिहिले होते की प्रार्थींचे आचरण निष्कलंक व अनुकरणीय असून मी त्यांना व्यक्तिशः ओळखतो.

सुनंदाताईंनी दोन्ही पत्रे शेजारी-शेजारी ठेवली. त्यांच्यासोबत कुलकर्णी साहेब होते. दार उघडे होते.

"भाऊ, ही दोन्ही पत्रं तुम्हीच लिहिलीत ना?"

मी म्हणालो, अर्थातच. एवढे चांगले दुसरे कोण लिहिणार?

कुलकर्णी साहेब हसले, सुनंदाताईही हसल्या. मग त्यांचे हसणे थांबले. त्या म्हणाल्या की मला त्या दोघांशी स्वतः बोलावे लागेल. मी आनंदाने परवानगी दिली. मला खात्री होती. या शहरात मला ओळखत नाही असा मनुष्य कचेरीच्या परिसरात सापडणार नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मला आत बोलावले. काय बोलणे झाले ते सांगायचे की नाही, यावर त्यांचा विचार चाललेला दिसत होता. पण मी आग्रह धरला, नोंदीत जे आहे ते पक्षकाराला समजले पाहिजे. तेव्हा त्यांनी सांगितले.

रामसुमेर म्हणाला होता की मुंशीजी फार इज्जतदार माणूस, सगळ्यांचे दुःख लिहितात. आणि स्वतःचे? "अपना तो कबहूँ कुछ बताइन नहीं।" मुलांसोबत कसे वागतात, असे विचारल्यावर तो गोंधळला. कोणाहीसोबत त्याने मला पाहिलेले नव्हते.

रिझवी साहेबांनी माझी भरभरून स्तुती केली होती. "निहायत शरीफ़ किरायेदार हैं। इतने बरस हो गए, न कोई आया, न कोई गया। ज़ीने पर दूसरे क़दमों की आहट तक नहीं सुनी हमने।"

घरमालकाच्या तोंडून भाडेकरूची याहून मोठी प्रशंसा होत नाही. मी ती त्याच अर्थाने घेण्याचा प्रयत्न केला. खिडकीबाहेर मुले खेळत होती, धुके विरून ऊन पडले होते, आणि माझ्या कानात ते वाक्य पुन्हा-पुन्हा होत होते. खालच्या कारखान्यातल्या ठशासारखे, एक ठोका, थोडे थांबणे, पुन्हा तोच ठोका.

"यात तुमच्याविरुद्ध काहीही नाही, भाऊ," सुनंदाताई म्हणाल्या. "पण ओळखतो, असं दोघांतलं कोणीच म्हणालं नाही."

नियम सर्वांना सारखा आहे, त्यांच्या स्वतःच्या जावयाकडूनही दोन नावे घेतली, असेही त्यांनी सांगितले, आणि ते खरे होते. दुसरी दोन नावे द्या, घाई नाही. तोवर जिन्यावर बसणे नको, पण येत जा, चहा तरी घेत जा आमच्यासोबत. मी आभार मानले. पिशवी उचलली. ज्याला काम नाही त्याला चहाला बोलावणे हे मला त्या दिवशी फार लागले, आणि मी परत गेलो नाही. हिवाळा तसाच संपला. गुलमोहराला पाने फुटली, आंब्याला मोहोर आला, उन्हाळ्यात कडुलिंबाची सावली आखडली, पावसात कचेरीच्या आवारात गुडघाभर पाणी साचले आणि मी विटांवर बाक ठेवून अर्ज लिहिले. नावे सुचली नाहीत.

या मधल्या काळात मी एका शब्दाचा विचार केला. व्यक्तिशः. "मी सदर इसमास गेली अनेक वर्षे व्यक्तिशः ओळखतो" हे वाक्य मी इतक्या लोकांसाठी लिहिले आहे की त्याच्या आत कधी डोकावलो नव्हतो. ओळखणे म्हणजे काय? थंडीत त्याचा कोणता गुडघा दुखतो हे ठाऊक असणे? तो भात आधी खातो की पोळी? तो घरी परतला नाही तर ते कोणाच्या लक्षात येईल, आणि किती वाजता? या हिशेबाने मी कोणाला ओळखतो, हे मी प्रामाणिकपणे तपासले. रामसुमेर माझा चहा बिनसाखरेचा करतो. त्याच्या घरी कोण आहे, हे मला ठाऊक नव्हते. मी त्याला कधी विचारलेच नव्हते, आणि तरी त्याने मला ओळखावे अशी अपेक्षा धरून त्याची सही घेऊन आलो होतो.

म्हणून परवा, चहाचा कुल्हड हातात घेऊन, मी त्याला विचारले की तुझ्या घरी कोण-कोण असते. त्याने भट्टीवरून डोके वर उचलले आणि माझ्याकडे संशयाने पाहिले.

"काहे मुंशीजी, कौनो मुक़दमा है का?"

मुकदमा नाही म्हटल्यावर तो हळूहळू बोलू लागला. दोन मुलगे सुरतेला, बायको गावी, एक मुलगी येथे त्याच्याजवळ. ती परिचारिकेचे शिक्षण घेते, सकाळी साडेपाचला निघते, आणि तो तिला बसथांब्यापर्यंत सोडून मगच भट्टी पेटवतो. धुक्याच्या दिवसांत बस दिसत नाही, म्हणून दोघे आवाजावर कान लावून उभे राहतात. धुक्याच्या दिवसांत माझा पहिला चहा उशिरा का येतो, हे मला त्या क्षणी समजले. मग त्याने सहज, पातेले ढवळता-ढवळता विचारले, "और आपके घर मा?"

मी म्हणालो, आज ऊन फारच कोवळे आहे.

उत्तर म्हणून ते अपुरे होते, हे मलाही कळते. पण कागदावर लिहितो तसे तोंडाने बोलणे मला जमत नाही. त्यामुळे ते येथे लिहितो. माझ्या घरी एक पलंग आहे, एक टेबल, आईवडिलांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची मी का घेतली, हे आता आठवत नाही. लग्नाची बोलणी दोनदा झाली. एकदा पगारी नोकरी नाही म्हणून मोडली, एकदा वडिलांच्या आजारपणामुळे पुढे ढकलली ती ढकललेलीच राहिली. भात मी पोळीनंतर खातो. उजवा गुडघा. मी परतलो नाही तर ते प्रथम रिझवी साहेबांच्या लक्षात येईल, कारण जिना वाजणार नाही. पण तो एरवीही फारसा वाजत नाही, म्हणून वेळ लागेल.

वर्गाची तपासणी मला मान्य आहे, हेही येथे स्पष्ट करतो. जी मुले "किसी को बताओगे तो नहीं" असे विचारतात, त्यांच्याजवळ कोण बसते हे पाहिलेच पाहिजे. नाझनीन मॅडमचा पुलाचा दाखला बिनतोड होता. माझी तक्रार नियमाविरुद्ध नाही. नियमाने मला प्रश्न विचारला आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते, एवढेच माझे प्रकरण आहे.

नियमावली मी बारकाईने वाचली आहे. वाचली नसती तर नवल. तिच्या शेवटच्या पानावर अशी तरतूद आहे की आवश्यक वाटल्यास समितीचे दोन सदस्य स्वयंसेवकाच्या राहत्या घरी भेट देऊन खात्री करून घेऊ शकतील. ही तरतूद आजवर कोणाच्या बाबतीत वापरली गेलेली नाही. कदाचित कोणाच्या घरी जाणे हा त्याचा अपमान होईल, असे समितीस वाटत असावे.

सबब, समितीच्या सन्माननीय सचिव सुनंदाताई गजभिये यांस विनंती की, सदर तरतूद अर्जदाराच्या बाबतीत अमलात आणावी. नवी दोन नावे अर्जदाराजवळ नाहीत. ती तयार व्हावयाची असतील तर कोणीतरी येऊन ओळखल्याशिवाय होणार नाहीत. कोणत्याही रविवारी, वर्ग सुटल्यावर यावे. चौकातून चिकनच्या दुकानांची रांग संपते तेथे डावीकडची गल्ली घ्यावी. ठशांचा आवाज ऐकू येईल, त्याच्यावरच खोली आहे. जिना अरुंद आहे आणि त्यास कठडा नाही, म्हणून भिंत धरून चढावे. कुलकर्णी साहेबांना मफलरसह आणावे. मैत्रीस यावेसे वाटल्यास तिने नियमाप्रमाणे आईसोबत यावे; हिरव्या मिठाची पुडी आणून ठेवली आहे, सर्वांसाठी. चौकशी कितीही लांबली तरी अर्जदाराची हरकत नाही. खुर्च्या दोनच आहेत, पण पलंग मोठा आहे.

परवानगी मिळावी की न मिळावी, हे समितीने नंतर ठरवावे. त्यापूर्वीची मागणी एका जुन्या अर्जातून, मूळ अर्जदार मुलीचाच मजकूर घेऊन, येथे उतरवतो, कारण याहून चांगली मला सुचली नाही : अर्जदाराजवळ कोणीतरी येऊन बसावे, बोलले नाही तरी चालेल.

उत्तर लवकर मिळावे. ते लेखी असण्याची आवश्यकता नाही. जिन्यावर पावले वाजली की ते पोहोचले असे मी समजेन, आणि रिझवी साहेबही ऐकतील.